आबांच्या बंदुकीवरची दुर्बीण

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मी शाळेत गणित शिकवते, आणि एखाद्यानं मधली पायरी गाळून एकदम उत्तर लिहिलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अशा बाईला सहा महिने एका दुर्बिणीशी झुंजायला लावलं तर तिचं काय होईल, ते माझ्या नवऱ्याला विचारा. शेवटी शेवटी दुर्बिणीचा विषय निघाला की तो चपला घालून फिरायला जायचा.

ही दुर्बीण म्हणजे आकाशातले तारे बघायची नव्हे. छऱ्याच्या बंदुकीवर बसवतात ती, वीत-दीड वीत लांब. आत दोन बारीक काड्यांची फुली असते. ती फुली कार्डाच्या मधल्या काळ्या ठिपक्यावर आणायची आणि चाप ओढायचा. ऐकायला इतकं सोपं, की कुणालाही वाटेल यात चिडण्यासारखं काय आहे.

बंदूक माझ्या वडिलांची. आबा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्यातल्या कुणाच्या तरी नादानं ते त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला असलेल्या नेमबाजीच्या क्लबात जायला लागले आणि मग तीसेक वर्षं त्यांचा एक रविवार चुकला नाही. आम्हाला लहानपणी रविवारी वडील असे नव्हतेच. आई म्हणायची, "त्यांची सवत लोखंडाची आहे, भांडायची सोय नाही." आई गेल्यावर ते सिडकोतल्या दोन खोल्यांत एकटे राहायला लागले. मी नाशिकरोडला. अंतर काही फार नाही, पण खरं सांगायचं तर मी जायची ती सणावाराला नाहीतर त्यांचा गॅस संपला की.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी अचानक क्लब सोडला. "माशी दिसत नाय आता," एवढंच म्हणाले. नळीच्या टोकावर नेम धरायला जो बारका खुंट असतो त्याला माशी म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, तेव्हा आम्हालाही ते पटलं. बंदूक कपाटावर गेली. त्यानंतर एकेक गोष्ट बंद होत गेली. पेपर बंद केला, म्हणे त्यात काही नसतं. संध्याकाळी पारावर जाणं बंद केलं. मी गेले की खुर्चीत बसलेले असायचे, टीव्हीवर बातम्या चालू आणि तोंड खिडकीकडे. बरं आहे का विचारलं की "बरं हाय". जेवलात का, तर "जेवलो". माणूस डोळ्यांसमोर विझत होता आणि मला काही सुचत नव्हतं.

अशात एप्रिलमध्ये क्लबाच्या सेक्रेटरींचा फोन आला. दसऱ्याला सकाळी जुन्या सभासदांची स्पर्धा ठेवायची होती. खुर्चीवर बसून, टेबलावर बंदूक टेकवून, पंचवीस मीटरवर पाच छर्रे, आणि दुर्बीण लावली तरी चालेल. मी तिथल्या तिथे आबांचं नाव दिलं. मला त्यांना त्या खुर्चीवर परत बसलेलं बघायचं होतं. नंबर नको, ढाल नको, पण त्या घरातल्या खुर्चीतून उठून त्यांनी या खुर्चीत बसावं, एवढंच.

आबा म्हणाले, "दुर्बीण लावून नेम धरायचा? मग माणूस कशाला पाहिजे?" पण नको असं म्हणाले नाहीत. मी तेवढ्यालाच होकार धरलं.

पहिली चूक माझी. फोनवर बघून दुर्बीण मागवली. मास्तरीण ना मी, जितके आकडे मोठे तितकी वस्तू चांगली असं धरून चालले. सहापासून चोवीस पटीपर्यंत मोठं दाखवणारी, आत हिरवा-लाल दिवा लागणारी, आणि एवढं सगळं असून परवडणारी. म्हटलं, लोक उगाच महागाच्या मागे लागतात. क्लबात नेऊन लावली तर पंचवीस मीटरवरचं कार्ड असं दिसत होतं, की वहीवर पाणी सांडून शाई पसरावी. ती लांबच्या अंतरासाठी बनवलेली होती, जवळचं तिला दिसतच नव्हतं. तरी दामटून चाळीसेक छर्रे मारले, आणि बघते तर फुलीच आत गोल फिरलेली. अधिकचं चिन्ह होतं, ते गुणिलेचं झालं.

विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, स्प्रिंगच्या बंदुकीवर लावा असं आम्ही कुठे म्हटलंय?" लावू नका असं तरी कुठे लिहिलंय, विचारलं. तर म्हणे, ते सगळ्यांना माहीतच असतं. त्या माणसाला मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. दुर्बीण परत घेतली नाहीच.

मग जुन्या नाशकातल्या एका बंदुकांच्या दुकानात गेले. दुकानदार वयस्कर, शांत, एका वाक्यानंतर दुसरं बोलायला वेळ घेणारे. माझ्यासारखीला असली माणसं फार जड जातात. त्यांनी मोडकी दुर्बीण कानाशी धरून हलवली, आतला खुळखुळा मला ऐकवला आणि म्हणाले, "ताई, मोठ्या रायफलीचा धक्का एकाच बाजूला, मागे. तुमच्या छऱ्याच्या बंदुकीत पिस्टन पुढे जाऊन आपटतो. म्हणून ती आधी मागे हिसका देते आणि लगेच पुढे. तो पुढचा हिसका साध्या दुर्बिणीला सोसत नाही."

"मग महाग घ्यायची का?"

"महाग नको. टणक घ्या. आकडे कमी चालतील. स्प्रिंगच्या बंदुकीसाठीच केलेली आणि पुढची कडी फिरवून जवळच्या अंतराला जुळवता येईल अशी घ्या."

घेतली. तीनपासून नऊ पटीची, काळी, साधी, दिवाबिवा काही नाही. तिला धरणारी पकडही त्यांनी अशी दिली की तिच्या पोटाला एक खिळी होती. ती बंदुकीवरच्या भोकात बसते, म्हणजे हिसक्यांनी दुर्बीण मागे सरकत नाही.

ती बसवली तो रविवार मला लख्ख आठवतो, कारण आबा त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीतून स्वतःहून उठले. मी स्क्रू आवळायला घेतले तर माझ्या हातातली किल्ली काढून घेतली. "एक स्क्रू पुरा आवळून मग दुसरा घ्यायचा नाय. एकाआड एक, थोडा थोडा. ट्रकच्या चाकाची नटं आवळतात तसं." त्यांचं तोंड खिडकीकडे आणि बोटं स्क्रूवर. बघतसुद्धा नव्हते. मी म्हटलं, बघून तरी करा. तर म्हणाले, "बोटाला कळतं." मला कौतुक वाटलं. फिटरची बोटं आहेत, म्हटलं.

फुली सरळ उभी हवी, नाहीतर छर्रा तिरका जातो. त्यासाठी मी गवंड्याचा ओळंबा असतो तसा दोऱ्याला एक जड नट बांधून समोरच्या गॅलरीच्या दांडीवर टांगला आणि दुर्बिणीतून बघत फुलीची उभी काडी त्या दोऱ्यावर आणली. अर्धा तास गेला त्यात. मान मोडली. समोरच्या काकू, हा कसला नवस, म्हणून विचारून गेल्या. मग डोळा आणि काच यांच्यात चार बोटांचं अंतर ठेवायचं, ते ठेवलं.

"आबा, बघा. नीट दिसतंय का?"

त्यांनी गाल टेकवला, उजवा डोळा लावला. "दिसतंय. स्वच्छ."

"फुली सरळ आहे?"

"सरळ हाय."

"पुढे-मागे करायची का?"

"ठीक हाय, माय. लय चांगलं बसवलंस."

इथून माझ्या नाकी नऊ यायला सुरुवात झाली. क्लबात गव्हाच्या पिशवीवर बंदूक टेकवून मी स्वतः छर्रे मारले. दुर्बिणीच्या वर आणि बाजूला टोपणाखाली दोन चाकं असतात. ती टिक-टिक फिरवून छर्रा वर-खाली, डावी-उजवीकडे नेता येतो. माझ्या आवडीचं काम, नुसता त्रैराशिकाचा हिशेब. वर आठ टिक, उजवीकडे पाच. तासाभरात माझे पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे पडायला लागले. मी, जिनं आयुष्यात लगोरीसुद्धा नीट फोडली नाही. म्हटलं, झालं, आता आबा बसले की संपलं.

आबा बसले आणि कार्डावर पेरणी झाली. एक छर्रा वर, एक खाली, दोन कार्डाबाहेर, मागच्या पत्र्यावर ठणकन.

"फुली कुठे होती, आबा?"

"मधोमध."

म्हणजे दुर्बीण सरकली. मी परत बसले, परत मारून बघितलं, तर माझे छर्रे मधोमध. त्यांचे परत चारी दिशांना. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. छर्रे बदलले, टेबल बदललं. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली कानठळ्या बसत असताना मी स्क्रू सोडून परत आवळले. दर रविवारी सकाळी नाशिकरोडहून सिडको, सिडकोहून क्लब, क्लबातून परत सिडको, दुपारी वरण-भाताचा कुकर लावायचा, जेवताना त्याच दुर्बिणीवरून डोकं फिरवून घ्यायचं आणि संध्याकाळी चहा घेऊन घरी. आबांवर मी ओरडायची. "चाप हिसकता तुम्ही. श्वास सोडता. गाल दर वेळी वेगळ्या जागी ठेवता." तीस वर्षं नेमबाजी केलेल्या माणसाला ही गणिताची बाई शिकवत होती. ते एका शब्दानं उलट बोलायचे नाहीत. "बरं, परत मारतो," म्हणायचे. कधी एक अक्षर तक्रार नाही. त्यांच्या त्या गरीबपणाचासुद्धा मला राग यायचा. माणसानं काहीतरी बोलावं की नाही? धुरकट आहे म्हणा, जड आहे म्हणा. छे. दिसतंय, स्वच्छ.

शेवटी मी दुर्बिणीसकट बंदूक घेऊन दुकानदारांवर चाल करून गेले. त्यांनी निमूट ऐकून घेतलं, आणि एका सकाळी क्लबात येऊन माझ्यासमोर दहा छर्रे मारले. दहाही एका ठिकाणी. मग सावकाश म्हणाले, "ताई, दुर्बीण चांगली आहे. वडिलांचे डोळे एकदा दाखवून घ्या."

"नाचता येईना अंगण वाकडं, असंच ना?" मी म्हटलं. "दोन्ही ऑपरेशनं झालीत त्यांची. त्यांना स्वच्छ दिसतं, त्यांनी स्वतः सांगितलंय. मालाचा दोष त्यांच्या डोळ्यांवर ढकलू नका."

त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली आणि ते निघाले. पुढे किती दिवस मला वाटत होतं, की मी त्यांना कसं गप्प केलं.

खंडेनवमीला विंचूरहून आत्या आली. आबांची धाकटी बहीण, साठी उलटलेली, येताना झेंडूची गोणीच घेऊन आली. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची आमच्याकडे रीत. शेतावर विळे-कुदळी, आबांकडे पाने, कानस, मापं घ्यायचा व्हर्नियर, हातोडी आणि बंदूक. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. आत्यानं पाटावर सगळं मांडलं, ओली हळद-कुंकवाची वाटी घेतली आणि एकेकाला बोटं लावत गेली. तिचा आवाज आतपर्यंत येत होता. "दादा, हिला नवीन डोळा बसवलाय म्हणं पोरीनं. त्याची बी पूजा कराया हवी ना?" मी हसले. मला काय माहीत ती कुठे लावतेय. पूजा झाली की त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नसतो, त्यांची विश्रांती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, आबांनी बंदुकीला नमस्कार केला, झेंडूची माळ काढली आणि स्वतःच ती पिशवीत घातली.

क्लबात त्यांना बघून जुनी मंडळी उठून उभी राहिली. कुणी हात धरला, कुणी पाठीवर थाप मारली. आबा हसत होते. दोन वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं, आणि म्हणून मला जास्तच धाकधूक होती. यांच्यासमोर पत्र्यावर ठणठण नको व्हायला. त्यांचा नंबर शेवटचा होता. आधी सरावाचे तीन छर्रे मारायची मुभा होती. ते खुर्चीवर बसले, मी पिशवीतून बंदूक काढून टेबलावर टेकवली आणि बाजूला उभी राहिले.

"दिसतंय का, आबा?"

त्यांनी गाल टेकवला. "दिसतंय. स्वच्छ."

पहिला छर्रा पत्र्यावर. दुसरा पत्र्यावर. तिसरा कुठे गेला ते देवाला ठाऊक. माझं डोकं तापलं. म्हटलं, ही अवदसा आज शेवटची, आज हिला गोदावरीत टाकते. चाक फिरवायला म्हणून टेबलाच्या पुढच्या बाजूनं वाकले आणि तशीच थांबले.

दुर्बिणीची पुढची काच हळद-कुंकवानं पूर्ण भरली होती. आत्यानं अंगठ्यानं चांगलं जाड लिंपलं होतं, वर दोन अक्षता चिकटवल्या होत्या. वाळून त्याची खपली धरली होती. मी वळसा घालून मागे आले, आबांना बाजूला सरकवलं आणि डोळा लावला. लालसर अंधार. कार्ड नाही, ठिपका नाही, काही म्हणजे काही नाही.

स्वच्छ.

मी खाली बसले, त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच. बाजूला लोक गप्पा मारत होते. मी हळूच म्हटलं, "आबा, काचेवर कुंकू आहे. सगळी काच झाकलीय."

त्यांचा उजवा हात बंदुकीवर तसाच होता.

"तुम्हाला उजव्या डोळ्यानं काय दिसतं?"

ते म्हणाले, "मधे काळं हाय. कडाकडानं थोडं दिसतं. डाक्टर म्हणला, मागचा पडदा गेला. त्याला इलाज नाय."

"कधी म्हणाला?"

"दोन वर्षं झाली."

मला रडू आलं असं सांगितलं तर वाचायला बरं वाटेल, पण मला राग आला. असा राग, की कानशिलं गरम झाली. सहा महिने मी टिक मोजत होते. एका सज्जन माणसाला दुकानात जाऊन वाट्टेल ते बोलून आले. यांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. मी दात आवळून म्हटलं, "मग सांगायचं ना एकदा. एका शब्दानं. का सांगितलं नाही?"

आबांनी पायजम्यावरचा नसलेला दोरा झटकला. फार साधेपणानं म्हणाले, "दुर्बीण बिघडल्यापासून तू दर रविवारी येतीस."

सणावाराला आणि गॅस संपला की, हे मीच वर लिहिलंय.

टेबलावर पाण्याची बाटली होती. रुमाल ओला करून मी काच पुसायला लागले. कुंकू निघालं, हळदीचा पिवळा डाग काही जाईना. पुसता पुसता विचारलं, "डावा कसा आहे?"

"डावा बरा हाय. पण डाव्या खांद्यावर मी कधी..."

"खांदा तुमचाच आहे ना? घ्या."

त्यांनी बंदूक डाव्या खांद्याला लावली. नवीन नवरीला कुणीतरी दुसऱ्याच्या घरात आणून बसवावं तसे अवघडून बसले. डावा गाल टेकवला. 'दिसतंय का' असं या वेळी मी विचारलं नाही. त्या प्रश्नाचा मला वीट आला होता.

आबांनी डोळा बारीक केला. मान पुढे घेतली, मागे घेतली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिकडून नाव पुकारलं, तरी ते बघतच राहिले.

"बाई," ते म्हणाले, "ही फुली तिरकी हाय."

मी ओल्या रुमालाची घडी घातली.

"आन् कडेला पिवळं पिवळं दिसतंय. ठिपक्याची कड फुटलीय. काच पार जवळ आलीय, डोळ्याला टोचंल. असं बसवतात व्हय? कसली भिकार दुर्बीण घेतलीस गं तू?"

ती फुली मी दोऱ्याला नट बांधून अर्धा तास मान मोडून सरळ केली होती. तिरकी दिसत असली तर चूक बंदूक धरणाऱ्याची, फुलीची नाही. एरवी मी तिथल्या तिथे हे सिद्ध करून दाखवलं असतं.

"असू द्या आज तिरकी," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी सरळ करू."